राखीव साठा

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत बत्तीस बिऱ्हाडं. त्या बत्तिसांतल्या एकाही माणसाने गेल्या बारा वर्षांत ताप, घसा, दाढ किंवा हगवण यांसाठी रस्ता ओलांडून औषधाच्या दुकानात पाऊल टाकलं नाही. दुकानदार आमच्या गेटकडे बघून बघून वाळला. शेवटी त्याने अर्ध्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला ठेवली. मी वाढवून सांगतो असं माझी बायको म्हणते. असेल, कव्हरं पाव दुकानातच असतील. बाकी सगळं खरं, कारण आमच्याकडे काका होते आणि काकांकडे कपाट होतं.

त्या कपाटापायी एक माणूस गेलं. तेही सांगणार आहे, टाळणार नाही. पण आधी थोडं हसून घेऊ, पुढे जमायचं नाही.

काका आमच्या समोरच्या दारात राहतात. चिंचवडकडच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं स्टोअरकीपर. माणूस असा, की एकदा एक नट कमी भरला म्हणून त्यांनी अख्खी पाळी गेटवर अडवून धरली. नट सापडला तो मोठ्या साहेबांच्या चहाच्या कपात. काकांनी तो धुतला, पुसला, साहेबांची सही घेतली आणि मगच जमा केला. हे खुद्द काकांनी सांगितलेलं आहे, तेव्हा यात वाढवलं असेल तर ते त्यांनी, मी नाही.

चौतीस वर्षांत ते एकच शास्त्र शिकले: साठा शून्यावर जाऊ द्यायचा नाही. "रिकामा कप्पा म्हणजे स्टोअरकीपरचा मृत्यू," असं ते म्हणायचे. निवृत्त झाले, पुढे कारखानाही बंद पडला, पण शास्त्र घरी आलं. त्यांच्या काडेपेटीत दोन काड्या कायम राखीव. मिठाच्या बरणीत तळाशी जो थर आहे तो मागच्या शतकातला. दिवाळीत डब्यातल्या शेवटच्या दोन लाडवांना हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. एका वर्षीचे ते दोन लाडू आजही गच्चीच्या दाराखाली लावलेले आहेत. वादळं येऊन गेली, दार हललेलं नाही.

कारखान्याचा लिलाव झाला तेव्हा सुट्या भागांचं एक लोखंडी कपाट ते टेम्पोत घालून घरी घेऊन आले. छोटे छोटे कप्पे, प्रत्येकावर पत्र्याची पट्टी. कप्पे रिकामे होते, म्हणजे काकांना झोप येणं शक्यच नव्हतं. त्यात काय भरायचं याचा विचार चालू असतानाच त्यांचा घसा धरला. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या दहा गोळ्या लिहून दिल्या. काका तिसऱ्या दिवशी ठणठणीत झाले आणि हातात चार गोळ्या उरल्या.

त्या चार गोळ्यांनी आमच्या सोसायटीचा इतिहास बदलला.

"बरं वाटलं की थांबायचं," काका जिन्यात उभे राहून सगळ्यांना सांगू लागले. "पोट भरल्यावर ताट चाटतो का आपण? उरलेलं मला आणून द्या. उद्या दुसऱ्याच्या कामी येईल."

आता पुण्यात फुकट जाणारी गोष्ट वाचवायला सांगितल्यावर कोण नाही म्हणेल? महिन्याभरात कपाट भरलं. घशाच्या गोळ्या 'सहा मिलिमीटर वायसर' लिहिलेल्या कप्प्यात, पोटाच्या 'स्प्रिंग'मध्ये आणि लघवीच्या त्रासाच्या 'बुश'मध्ये. कोविडची दोन वर्षं आली तेव्हा तर लोक पिशव्या भरभरून उरलेली पाकिटं आणू लागले आणि काकांना 'बेअरिंग'चे तीन कप्पे मोकळे करावे लागले. सकाळी दहा ते अकरा वाटप. कोऱ्या चिठ्ठीवर नाव, फ्लॅट नंबर आणि काय होतंय ते लिहून द्यायचं. मग काका चष्मा कपाळावर चढवून एक कप्पा ओढणार आणि तीन गोळ्या देणार. सर्दी असो, दाढ असो, हत्तीरोग असो, तीनच. कपाटावर एक पाटी होती: 'संपूर्ण पाकीट स्वतः संपवणाऱ्यांनी येथे मागण्यास येऊ नये.'

सगळ्यांत जास्त गोळ्या आणून देणारा मी होतो. हे मी तेव्हा चौघांत छाती फुगवून सांगायचो.

तळमजल्यावरच्या शेखभाईंचं शिलाईचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. त्यांना साधी सर्दी झाली म्हणून काकांनी 'वायसर'मधल्या तीन दिल्या. दुसऱ्या दिवशी शेखभाईंच्या अंगावर पुलावातल्या मटारासारखे फोड आणि ओठ असे सुजले की टाचण्या ओठात धरून शिवणारा माणूस आठवडाभर टाचण्या धरू शकला नाही. काकांनी चौकशी केली आणि निकाल दिला, "माल बरोबर होता. ग्राहक चुकीचा."

शेखभाई सुजलेल्या ओठांतून म्हणाले, "काका, पुढच्या वेळी तुमच्या मापाचा सदरा मी दुसऱ्या कोणाला घालून बघतो. कापड बरोबरच असेल."

आम्ही सगळे इतके हसलो. हसण्याच्या गडबडीत ते काय बोलले ते कोणी ऐकलंच नाही.

ऐकून घेण्यासारखं बोलणारं आणखी एक माणूस आमच्यातच होतं. सी विंगमधल्या कांबळ्यांची मुलगी आमच्या डोळ्यांदेखत रांगली, शिकली, डॉक्टर झाली आणि समोरच्याच रस्त्यावर तिने दवाखाना घातला. शेखभाईंच्या ओठांची सूज उतरवली ती तिनेच. दुसऱ्या दिवशी ती बरोबर दहा वाजता वाटपाच्या रांगेत उभी राहिली. तिच्या मागे मी होतो, त्यामुळे पुढचं सगळं मी या कानांनी ऐकलेलं आहे.

"चिठ्ठी?" काका म्हणाले.

"चिठ्ठ्या मी लिहिते काका, आणत नाही. या गोळ्या कोणाच्या आहेत?"

"सोसायटीच्या."

"म्हणजे कोणासाठी लिहून दिल्या होत्या?"

"ज्याला लागतील त्याच्यासाठी. तुझ्यासारखं वजन विचारा, ॲलर्जी विचारा, असं करत बसलो तर रांग कात्रजपर्यंत जाईल."

"जाऊ दे ना. शेखभाईंना सर्दी होती. ती विषाणूची. या गोळ्या सर्दीवर चालतच नाहीत. फायदा शून्य, आणि फोड आले ते वर."

"अगं, तीनच दिल्या होत्या."

"तोच तर दुसरा घोळ. ज्याला खरंच लागतात त्याला तीन पुरत नाहीत. आणि ज्याला लागत नाहीत त्याला एकही नको." मग तिने जरा आवाज उतरवला. "काका, स्टोअरमध्ये उंदरांना औषध ठेवायचात ना? अर्धंच ठेवायचात का?"

"अर्धं ठेवलं की जे जगतात ते हुशार होतात. मला उंदीर शिकवू नकोस."

"मी तेच शिकवतेय."

मी शपथेवर सांगतो, एक क्षण त्यांचा हात कप्प्यावरून निघाला होता. त्या क्षणी आमच्यापैकी कोणी एक शब्द बोललं असतं तर! पण मागून कोणीतरी म्हणालं, "अहो, आटपा, मला ऑफिसची बस पकडायचीय, हिंजवडीला पोचेपर्यंत दुपार होते," आणि काकांनी मान झटकली.

"उंदीर वेगळे," ते म्हणाले. "पुढचा."

आता काकू.

काकूंबद्दल काही वाढवून सांगता येत नाही, हीच माझी अडचण आहे. त्या लहानखुऱ्या होत्या, त्यांना साखरेचा आजार होता, आणि चौतीस वर्षं स्टोअरकीपरच्या घरात राहून त्यांनी स्वतःलाही राखीव ठेवायची सवय लावून घेतली होती. बोलणं राखून, हसणं राखून. मी काहीतरी आचरट बोललो की त्या पदर तोंडाला लावायच्या, आणि त्यांना तसं हसवणं हा माझा छंद होता.

दीड वर्षापूर्वी त्यांना लघवीला जळजळ सुरू झाली, ताप आला. तेव्हा मात्र त्या कांबळे डॉक्टरकडे गेल्या. तिने तपासलं, सात दिवसांच्या चौदा गोळ्या लिहिल्या, सकाळ-संध्याकाळ, बारा तासांनी एक. "काकू, बरं वाटलं तरी मला विचारल्याशिवाय थांबायचं नाही," असं तिने चिठ्ठीवर मराठीत लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या. ती चिठ्ठी मी पाहिलेली आहे.

चौथ्या दिवशी काकूंचा ताप उतरला. काकांनी उरलेल्या सहा गोळ्या 'बुश'मध्ये टाकल्या.

त्या संध्याकाळी काकू दारात भेटल्या. म्हणाल्या, "अहो, अजून थोडी जळजळ वाटते. तुम्ही सांगून बघता का यांना? तुमचं ऐकतात."

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "काकू, त्या सहा गोळ्या बाहेर काढल्या तर काकांना अर्धांगवायू होईल. मग त्यांना तीन गोळ्या कोण देणार?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसल्या. आत गेल्या. आणि मी शीळ घालत जिना उतरलो.

महिन्याभराने जळजळ परत आली. या वेळी डॉक्टरकडे कोण जातंय? कपाट घरात होतं. आधी राखलेल्या सहामधल्या तीन. मग बरं, मग थांबणं. मग पुन्हा. मग दुसऱ्या कप्प्यातल्या, वेगळ्या रंगाच्या तीन. काकांना वाईट वागायचं नव्हतं हो. ते रात्रंदिवस कप्पे धुंडाळायचे. त्यांनी बायकोसाठी सगळ्या कप्प्यांतलं उत्तमोत्तम काढून दिलं, तीन तीन करून. असं वर्षभर चाललं. काकू माझ्या बायकोला म्हणायच्या, "चालायचंच गं आता."

या वर्षी गणपतीच्या आधी एका दुपारी त्यांना अशी हुडहुडी भरली की पलंग वाजत होता. कांबळे डॉक्टर पेशंट सोडून धावत आली, नाडी धरली आणि कोणाशी काही न बोलता ॲम्ब्युलन्सला फोन लावला. लघवीतला संसर्ग रक्तात गेला होता. हॉस्पिटलवाल्यांनी सलाइनमधून औषध सुरू केलं आणि लघवी-रक्त तपासायला पाठवलं, कुठल्या औषधाला जंतू मरतात ते बघायला. तो रिपोर्ट यायला तीन दिवस लागतात. तीन दिवस काका बाहेरच्या बाकड्यावर ताठ बसून होते, गेटवर पाळी अडवून बसल्यासारखे.

रिपोर्ट आला तेव्हा मी शेजारी होतो. कांबळे डॉक्टर रोज संध्याकाळी यायची, तिच्याच हातात तो कागद होता. काकांनी तो मागून घेतला. एका खाली एक औषधांची नावं, आणि प्रत्येकासमोर एक शेरा. आयुष्यभर साठ्याचे तक्ते वाचलेला माणूस तो. बोट ठेवून वाचायला लागला.

"अमॉक्सिसिलिन. आहे आपल्याकडे. वायसरमध्ये." बोट सरकलं. "सिप्रोफ्लॉक्सॅसिन. बुशमध्ये, भरपूर आहे. सेफिक्झिम, ही बेअरिंगमध्ये. ही पण आहे. ही पण." त्यांचा चेहरा उजळला होता. मी तो चेहरा विसरू शकत नाही. "अगं, यातल्या जवळजवळ सगळ्या आहेत माझ्याकडे! कुठली पाहिजे सांग, अर्ध्या तासात आणतो. रिक्षाने जातो."

डॉक्टर खाली बसली, त्यांच्यासमोर, फरशीवरच.

"काका, समोर काय लिहिलंय वाचा."

"रेझिस्टंट."

"खालच्यासमोर?"

"रेझिस्टंट." बोट खाली जात राहिलं. पुढे त्यांनी शब्द उच्चारला नाही, नुसते ओठ हलत होते.

"म्हणजे या गोळ्यांना काकूंच्या अंगातले जंतू आता दाद देत नाहीत," ती म्हणाली. "त्यांनी एकेकीची थोडी थोडी चव घेतलीय."

काकांचं बोट तळाच्या दोन ओळींवर थांबलं. तिथे शेरा वेगळा होता. "या दोन चालतात?"

"चालतात. ती इंजेक्शनं आहेत. त्यातलंच एक सकाळपासून चालू केलंय. पण साखर आहे, मूत्रपिंड थकलंय... उशीर झालाय काका."

"मी तीन तीन दिल्या म्हणून?"

मला वाटलं ती हो म्हणेल. तिला हक्क होता. ती म्हणाली, "फक्त त्यामुळेच, असं मी लिहून देऊ शकत नाही. साखर असली की असे त्रास परत परत होतातच. पण त्या चौदा गोळ्या पूर्ण झाल्या असत्या आणि परत झालं तेव्हा तुम्ही त्यांना माझ्याकडे आणलं असतं, तर माझ्या हातात खूप काही असतं. आता दोन ओळी आहेत."

काकू अकराव्या दिवशी गेल्या.

पुढचं सांगायला माझी जीभ वळत नाही, तरी सांगतो. काकूंचे दिवसकार्य झालं तशी डॉक्टरने कपाट रिकामं केलं. या गोळ्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत, बेसिनमध्ये ओतायच्या नाहीत, म्हणून तिने दोन पोती भरून हॉस्पिटलच्या औषधी कचऱ्यात द्यायला नेली. ती जिन्याने उतरत असताना पहिल्या मजल्यावरचे एक गृहस्थ तिला म्हणाले, "निदान तारीख न उलटलेल्या तरी ठेवायच्या होत्यात. काकूंचं झालं ते वाईटच, पण त्यात गोळ्यांचा काय दोष?" आठ दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर कोणीतरी विचारलं, 'घशाची आहे का कोणाकडे?' मी घड्याळ लावून मोजलं नाही, पण चहाचा घोट गिळायच्या आत तिघांनी 'आहे' म्हणून कळवलं होतं. वर दोघांनी हात जोडलेले.

मी तिथे लिहिलं, 'डॉक्टरकडे जा.' त्यावर कोणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. मी विनोदी माणूस म्हणून प्रसिद्ध आहे.

काकांनी कपाट भंगारात द्यायचं ठरवलं. एकट्याने ओढायला गेले आणि पत्र्याच्या कडेने नडगी कापली. कोणाला बोलले नाहीत. पाच-सहा दिवसांनी मी डबा द्यायला गेलो तर पाय गुडघ्यापर्यंत लाल, गरम, अंगात ताप. मी डॉक्टरला बोलावलं.

"गोळ्या लिहिते. सात दिवस."

"मला नको," काका भिंतीकडे बघत म्हणाले.

"नको तर उद्या हॉस्पिटलात टाकीन. काका, कशाची ॲलर्जी आहे? आणखी कुठल्या गोळ्या चालू आहेत? सकाळी आठ, रात्री आठ. जेवणानंतर. पुरळ आलं, श्वास लागला किंवा लालसरपणा पेनाच्या या रेघेच्या वर गेला तर त्याच मिनिटाला फोन." तिने खरंच पायावर पेनाने रेघ ओढली.

काकांनी त्या रेघेकडे बघत विचारलं, "एखादी चुकली तर पुढच्या वेळी दोन?"

"दोन एकदम नाहीत. आठवली की घ्यायची. पुढचीची वेळ आलीच असेल तर चुकलेली सोडायची."

"चुकणार नाही," काका म्हणाले.

चुकली नाही. सकाळ-संध्याकाळ आठला मी पाण्याचा पेला घेऊन जायचो. गरज नव्हती, ते आधीच घड्याळासमोर बसलेले असायचे. चौथ्या दिवशी लाली रेघेच्या बरीच खाली आली होती. "बरं वाटतंय," ते म्हणाले, एखादी वाईट बातमी कळवावी तसं. पाकिटात सहा गोळ्या होत्या. दोघांनीही तिकडे बघितलं नाही. सातव्या रात्री त्यांनी शेवटची गोळी काढली, गिळली, आणि ते रिकामं पाकीट तळहातावर धरून बसून राहिले. माझ्या ओळखीत त्या घरात काकांनी स्वतः रिकामी केलेली ती पहिली वस्तू. मला एक विनोद सुचला होता. मी तो गिळला.

आठव्या दिवशी डॉक्टरने पाय बघितला. "झाला बरा," म्हणाली, आणि पुढच्या पेशंटला उशीर होतोय म्हणून गेली.

काकांनी लेंगा गुडघ्यापर्यंत वर केलेला तसाच होता. नडगीवर नुसता एक पांढरट वण.

"सातच दिवस लागले," ते म्हणाले.

"हो काका."

"चौदा गोळ्या. बस्स."

मी लेंगा खाली ओढायला हात पुढे केला.

"तिलाही चौदाच लिहिल्या होत्या हो." त्यांनी अंगठ्याने वणावर दाबलं. मग आणखी जोरात. नख पांढरं होईपर्यंत. "बघा, दुखत नाही. तुम्ही दाबून बघा. अहो, जोरात दाबा. कुठेच दुखत नाही."